त्या गावाला राक्षस म्हणू नका

सकाळी शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. लाल झालेला बर्फ, त्यावर देवमासा, भोवती गाव जमलेलं, आणि खाली लिहिलंय 'ही माणसं नाहीत, राक्षस आहेत'. रडक्या इमोजींची रांग लागली. डोकंच फिरलं माझं, कारण फोटो अलास्कातल्या इनुपिआत या मूळ रहिवासी लोकांचा आहे आणि त्यांच्या पंक्तीला मी जेवलेय.

अँकरेजला नोकरीला असताना ऑफिसातली मैत्रीण मला जूनमधे तिच्या गावी उत्किआग्विकला घेऊन गेली, नालुकातकच्या सणाला. वसंतात ज्या कप्तानाच्या होडीला देवमासा मिळाला तो अख्ख्या गावाला जेवू घालतो, वाऱ्याला ताडपत्री बांधून सगळे जमिनीवर बसतात. लोक डबे, पिशव्या घेऊन आलेले, माझ्याकडे काहीच नाही. शेजारच्या आज्जींनी न विचारता स्वतःची एक पिशवी माझ्या हातात दिली आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाल्या, हिलाही घाल. मक्तकचे तुकडे पडले पिशवीत, देवमाशाची काळी कातडी, खाली गुलाबीसर पांढरी चरबी.

एक पैसा नाही घेतला कुणी. मांस विकायला बंदीच आहे तिथे!

समुद्र रिकामा केला तो कुणी? 1848 पासून अमेरिकेची व्यापारी जहाजं बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे घुसली आणि दिव्याच्या तेलासाठी, बायकांच्या कॉर्सेटसाठी त्यांनी बोहेड जातीचे हजारो देवमासे मारले, कित्येकदा कॉर्सेटला लागणारी तोंडातली पातं काढून बाकीचं धूड समुद्रातच सोडलं. आणि 1977 साली देवमाशांच्या शिकारीवरच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बंदी घातली कुणावर, तर या गावांवर! शास्त्रज्ञ म्हणाले, हजार-दोन हजारच उरलेत. शिकारी म्हणत होते, अहो ते बर्फाखालून जातात, किनाऱ्यापासून लांबून जातात, तुम्हाला दिसत नाहीत. शेवटी पाण्यात माइक सोडून आवाज ऐकले तेव्हा पटलं. 2011 च्या गणनेत सुमारे 17 हजार निघाले.

हो, आता भाल्यात स्फोटकं असतात, मोटरबोटी असतात, आणि जनावराला वेदना होतातच, ते मी नाकारत नाही. पण त्या बंदीऐवजी आता वर्षाला साधारण 67 देवमाशांवर वार करायची मर्यादा आहे आणि जखमी होऊन निसटलेलाही त्यातच मोजतात.

2017 मधे अलास्कातल्याच सेंट लॉरेन्स बेटावरच्या एका युपिक (तेही तिथले मूळ रहिवासीच) पोराने, सोळा वर्षांचा फक्त, गावासाठी देवमासा मारला तर जगभरातून त्याला मरणाच्या धमक्या आल्या. सोळा वर्षांचा! आपल्या घरातल्या पोराला असं कुणी लिहिलं असतं तर?

लिहिता लिहिता राग उतरलाय थोडा. त्या आज्जीच डोळ्यासमोर येतायत. मी कोण, कुठली, काही माहीत नव्हतं त्यांना, तरी पिशवी भरली की नाही ते दोनदा वाकून बघितलं त्यांनी. ज्या ग्रुपमधे मी लहानाची मोठी झाले तिथे त्यांना राक्षस म्हटलेलं मी नाही ऐकून घेणार.

तिथली खरी भीती वेगळी आहे. मांस ठेवायची जमिनीतली तळघरं, कायम गोठलेल्या मातीत खणलेली, ती आता वितळून पाण्याने भरतायत. बर्फ कमी होतोय तशी मोठी जहाजं बोहेडच्याच वाटेवरून जायला लागलीत. ज्यांना देवमाशांची काळजी आहे त्यांनी त्या जहाजांवर पोस्ट टाका, मी स्वतः शेअर करेन. हा फोटो मात्र ग्रुपवरून आत्ता डिलीट करा.