बंद करा की हो ते इंजिन!

रोज तेच. गाडी उभी, माणूस आत बसून मोबाइलवर बोट फिरवतोय आणि इंजिन मात्र चालूच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागची नळी थरथरतेय, शेजारून एखादं पोरगं नाक दाबून जातंय. काचेवर टकटक करून सांगावं, तर उत्तर ठरलेलं: "एवढ्याशानं काय होतंय?"

होतं हो! एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग वायू तिप्पट कसा? कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, म्हणून. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत तो दहा लाखांत 280 भाग होता, आज 420 च्या वर गेलाय.

आणि जाळतोय काय आपण? समुद्रातले सूक्ष्म जीव मेले, गाळात गाडले गेले, कोट्यवधी वर्षं दाबाखाली, उष्णतेत शिजले, तेव्हा कुठे तेल झालं. (कोळशाचंही तसंच, फक्त तिथे दलदलीतली झाडं.) कामासाठी जाळलं तर एक वेळ ठीक, पण गाडी जागची हलतही नसताना? "नवे साठे सापडतात की," म्हणे. सापडतात, बनत नाहीत! जीव तुटतो अगदी.

काल पुन्हा एकाला हात जोडून सांगितलं. त्यानं काच वर केली. इंजिन चालूच.