हाँगकाँगच्या मुई त्साय मुली 1923 मध्ये सुटल्या म्हणे!

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय, की हाँगकाँगमध्ये चिनी घरांत कामाला ठेवलेल्या मुई त्साय मुली म्हणजे गरिबाघरच्या दत्तक पोरी, त्यांना निदान दोन घास मिळायचे, आणि तरीही इंग्रजांनी माणुसकीपोटी 1923 ला कायदा करून ही प्रथा बंद केली, चिनी लोकांना मात्र काहीच पडलेली नव्हती. यातलं एकही वाक्य धड टिकत नाही.

आधी दत्तकचं बघू. आईबापांच्या हातात पैसे ठेवायचे, कागद करून घ्यायचा, की पोरगी मालकाची. मग पाणी भरा, भांडी घासा, मालकाचं मूल कडेवर घेऊन फिरा, आणि पगार शून्य. मोठी झाली की लग्न लावायचं तेही मालकाच्याच मर्जीने, आणि काहींना तर पुढे वेश्यावस्तीत विकलं जायचं. दत्तक मुलीला असं कोण वागवतं? हाँगकाँगचे सरन्यायाधीश जॉन स्मेल यांनी 1879 मध्येच याला सरळ गुलामी म्हटलं होतं, पण सरकारने तेव्हा प्रतिष्ठित चिनी व्यापाऱ्यांचं ऐकलं, कारण त्यांना दुखवायचं नव्हतं.

आता ती माणुसकी. 1919 मध्ये क्लारा हेझलवूड या नौदल अधिकाऱ्याच्या बायकोने हाँगकाँगच्या पेपरांत पत्रं लिहून हे उघडं केलं, तर तिथलं सरकार तिच्यावरच चिडलं. नवराबायको इंग्लंडला परतले पण गप्प बसले नाहीत, पार्लमेंटमध्ये प्रश्न यायला लागले, तेव्हा कुठे 1922 मध्ये वसाहतमंत्री चर्चिलने वर्षभरात प्रथा बंद करतो असं जाहीर केलं. गव्हर्नर स्टब्सचा याला विरोधच होता. 1923 चा कायदा आला खरा, नवीन मुली घ्यायला बंदीही घातली, पण आधीपासून असलेल्या मुलींची नोंदणी करायचा जो भाग होता तोच लागू केला नाही! कुठल्या घरात कोण मुलगी आहे हेच माहीत नसेल तर बंदी मोडली हे पकडणार कसं? ती नोंदणी सुरू झाली 1929 च्या शेवटी, लंडनने पुन्हा कान पिळल्यावर, आणि चार हजारांहून जास्त मुली नोंदवल्या गेल्या.

चिनी लोकांना काही पडलेली नव्हती हे तर धादांत खोटं. 1921 मध्ये लाऊ चू-पाक आणि हो फूक या बड्या पुढाऱ्यांनी ताई पिंग थिएटरात सभा घेऊन प्रथेची बाजू मांडली हे खरंय, पण त्याच वर्षी चिनी ख्रिश्चन मंडळींनी मुई त्साय विरोधी संघटना उभी केली, कामगार संघटनाही त्यांच्या बाजूने आल्या. त्यांची नावं कुणी घेत नाही याचा मला खरंच राग येतो.

आणि 1929 नंतरही सगळं संपलं नाहीच. हाँगकाँग आणि मलायाची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट 1937 ला आला, त्यात एडिथ पिक्टन-टर्बरव्हिल यांनी दोघा पुरुष सदस्यांपेक्षा वेगळं मत नोंदवलं. मुई त्साय ठेवायला बंदी असली तरी त्याच पोरीला दत्तक म्हणून दाखवता येतं, त्यामुळे पैसे घेऊन दुसऱ्याच्या घरी दिलेली प्रत्येक मुलगी नोंदवा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी लंडनने तेच मान्य केलं.