जामसाहेबांचा तो मेसेज: खरं किती, रचलेलं किती

पुन्हा तोच मेसेज फिरतोय. या वेळी भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला. तीही कोल्हापूरच्या शाळेत, जिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती त्या वळिवड्याच्या इतक्या जवळ. आता गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिकांनी 500 बायका आणि 200 मुलं एका जहाजावर बसवून समुद्रात सोडली. सगळ्यांनी हाकललं, जामनगरच्या जामसाहेबांनी आसरा दिला, दत्तक घेतलं, नऊ वर्षं सांभाळलं. त्यातला एक मुलगा पोलंडचा पंतप्रधान झाला. पोलंडचे खासदार आजही जामसाहेबांच्या नावाने शपथ घेतात.

आधी शपथ. पोलंडची 1997 ची राज्यघटना कुणालाही वाचता येते. कलम 104 मध्ये खासदाराच्या शपथेचा पूर्ण मजकूर आहे: राष्ट्राप्रती कर्तव्य, सार्वभौमत्वाचं रक्षण, नागरिकांचं हित, घटनेचं पालन. शेवटी हवं तर देवाचं साहाय्य मागणारं एक वाक्य जोडता येतं. कुठल्याही माणसाचं नाव त्यात नाही. शिक्षकांनीसुद्धा हे एकदा उघडून पाहू नये?

पंतप्रधानाची गोष्टही खोटी. जनरल यारुझेल्स्की तरुण वयात सायबेरियात हद्दपार झाले होते आणि पुढे पोलंडचे पंतप्रधान झाले, पण हद्दपारीच्या काळात ते सोव्हिएत भूमीवरच होते. भारतातल्या छावण्यांशी त्यांचा संबंध नाही.

भरकटलेलं जहाज नव्हतंच. सोव्हिएत सत्तेने 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधली कुटुंबं सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. 1941 च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यांची सुटका झाली. 1942 मध्ये मुलांची पहिली तुकडी भारतात आली ती ट्रकने: अश्गाबाद, मशहद, झाहेदान, क्वेट्टा, मग पुढे मुंबई. मुंबईतले पोलंडचे वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांची पत्नी किरा यांनी या कामासाठी धावपळ केली. नंतरचे लोक इराणहून बोटीने कराचीला आले हे खरं, पण ठरवून, याद्या करून.

आता दत्तक. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच, कारण ती वाचून लोकांना वाटतं की युद्धातलं मूल दिसलं की उचलून घरी न्यावं. छावणीतली सगळी मुलं अनाथ नव्हती. कुणाचा बाप जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात इटलीत लढत होता, कुणाची आई रशियातच मागे राहिली होती. अशा वेळी पहिलं काम नोंदीचं: मुलाचं नाव, आईबापांचं नाव, गाव, जन्मसाल, भावंडं. भावंडं वेगळी करायची नाहीत आणि मूल हललं की कागद त्याच्याबरोबर हलला पाहिजे. चूक इथेच होते. पोलिश नाव रशियन कारकून आपल्या लिपीत लिहितो, त्यावरून इंग्रज कारकून रोमनमध्ये उतरवतो, आणि शोधणाऱ्या बापाच्या यादीत ते नाव सापडत नाही. तीन वर्षांचं पोर आडनाव सांगू शकत नाही. घाईने दत्तक दिलं की तो शोध कायमचा थांबतो. वळिवड्यातली कितीतरी कुटुंबं 1947-48 मध्ये इंग्लंडला, सैन्यातून सुटलेल्या आपल्या माणसांकडे गेली.

अर्धं सत्य मान्य करायलाच हवं: जामनगरजवळची बालाचडीची मुलांची छावणी मोडताना मुलांची कम्युनिस्ट पोलंडमध्ये सक्तीने पाठवणी होऊ नये म्हणून जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर प्लुटा आणि एक इंग्रज अधिकारी यांनी कागदोपत्री सामूहिक दत्तक घेतलं, असं त्या मुलांनी मोठेपणी सांगितलं आहे. ते संरक्षणाचं कवच होतं. घरात मूल वाढवणं वेगळं.

आणि वाढवलं कुणी? जामसाहेबांनी जागा दिली, पैसा उभा केला, इतर संस्थानांकडून वर्गणी मिळवली, मुलांमध्ये ते येत-जात असत. त्यांचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण रोजचं सांभाळणं पोलिश शिक्षिका, विधवा आया, पाद्री आणि परिचारिकांनी केलं. उपासमारीतून आलेल्या मुलाला पोटभर वाढणं हाच धोका असतो. इराणच्या पहलवी बंदरावर चरबीचं मटण आणि जड सूप खाऊन हगवणीने माणसं गेली. अशा मुलाला थोडं, पातळ, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं, आणि ते मागत असताना हात आखडता घ्यावा लागतो. टायफस उवांमधून पसरतो, म्हणून केस भादरायचे, कपडे जाळायचे, अंघोळ झालेल्यांना वेगळं ठेवायचं. हे सगळं करणाऱ्या बायकांसाठी मेसेजमध्ये एक ओळ नाही.

नऊ वर्षंही चूक. बालाचडी 1942 ते 1946, मग उरलेली मुलं वळिवड्यात. वळिवड्याची छावणी 1943 ते 1948: सुमारे 5,000 माणसं, बहुतेक बायका-मुलं, स्वतःच्या शाळा, चर्च, दवाखाना. नंतर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं.

वॉर्सात जामसाहेबांच्या सन्मानार्थ चौक आणि त्यांच्या नावाची शाळा आहे, हे मात्र खरं. 2017 पासून तिथे कोल्हापूरचंही स्मारक आहे. भाषण करायचंच तर त्यावर करा.