निळूभाऊंना एकदा वाड्याबाहेर काढा राव

फॅमिली ग्रुपवर काल परत तोच फोटो आला. निळू फुले, डोक्यावर टोपी, तिरकी नजर आणि खाली लिहिलेलं "बाई वाड्यावर या". लगेच हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी जरा खवचटपणे विचारलं, कुठल्या सिनेमातलं आहे रे हे? एकालाही सांगता आलं नाही. भाच्याने लिहिलं, "मामा चिल, मीम आहे." बरं, चिल तर चिल. पण इकडे फेसबुकवर आवडत्या जुन्या मराठी सिनेमांच्या याद्या चालल्यात, बनवाबनवी, धूमधडाका, झपाटलेला, सगळं मान्य, सत्तर रुपये वारले म्हटलं की मीही अजून हसतो, पण वीस-वीस नावांच्या याद्यांत सामना नाही, सिंहासन नाही, आणि निळूभाऊ फक्त त्या एका वाक्यात कोंडून ठेवलेले. म्हणून ही लांबड लावतोय. वेळ असला तर वाचा, नसला तर पुढं सरका, राग नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. तंबूच्या तोंडाशी ट्रक उभा, ट्रकमध्येच प्रोजेक्टर, बाजूला जनरेटरची धडधड, मध्ये दोर बांधून एकीकडे बाया आणि एकीकडे बापये. बसायला घरनं पोतं न्यायचं. रीळ संपलं की अंधार, अंधार झाला की शिट्ट्या, आणि मशीनवाला उशीर करायला लागला की त्याच्या आईबापाचा उद्धार. बहुतेक वेळा दादा कोंडकेच असायचे, सोंगाड्या किंवा पांडू हवालदार, कारण त्याला गर्दी हमखास. त्या वर्षी तंबूवाल्याचं काय डोकं फिरलं कुणास ठाऊक, त्याने सामना लावला. काळापांढरा. लोकांना वाटलं निळू फुले आहे म्हणजे तमाशा असणार, पाटील असणार, दोन लावण्या असणार, चला.

आमची आज्जी निळूभाऊ पडद्यावर आले रे आले की शिव्या घालायला सुरुवात करायची. "आला बघा मुडदा, आता कुणाचं तरी वाटोळं करतोय." ही काही एकट्या आमच्या आज्जीची गोष्ट नाही, तुमच्यापैकी ज्यांच्या आज्ज्यांनी तंबूत सिनेमे बघितलेत त्यांना विचारा. पण सामना सुरू झाला आणि आज्जीला शिव्या घालायला जागाच मिळेना. कारण हा हिंदुराव धोंडे पाटील ओरडत नाही, कुणाचा हात धरून ओढत नाही. साखर कारखाना आहे, सगळा गाव खिशात आहे, आणि हा माणूस शांतपणे, हळू, जवळजवळ प्रेमाने बोलतो. रस्त्यावरचा एक दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू, त्याला तो वाड्यावर आणून ठेवतो, खायला घालतो, प्यायला देतो. का? तर हा एकच माणूस त्याला घाबरत नाही म्हणून त्याला त्याची गंमत वाटते. आणि तो मास्तर गावातून गायब झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं?

आता खरी गंमत पडद्याच्या अलीकडची. आमच्या भागातले एक चेअरमन (नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत) जत्रेच्या मानाचे पाहुणे म्हणून पुढे लोखंडी खुर्चीवर बसलेले. आम्ही सगळे पोत्यावर, ते खुर्चीवर. "या टोपीखाली दडलंय काय" हे गाणं सुरू झालं आणि प्रोजेक्टरच्या उजेडात त्यांची कडक इस्त्रीची टोपी नेमकी पडद्याच्या खालच्या कडेला दिसायला लागली. आधी एक पोरगं हसलं, मग बायांच्या बाजूनं खुसखुस, मग एकदम सगळं चिडीचूप झालं, कारण त्यांनी मागं वळून बघितलं. बास, फक्त बघितलं. मला तेव्हा पिक्चर अर्धा पण कळला नव्हता, दहा-अकरा वर्षांचं वय, पण तंबूतलं ते गप्प होणं बरोबर कळलं. आज्जी माझ्या कानात म्हणाली, "ह्यो फुल्या आपल्यातच बसलाय की रं."

त्यानंतर बरेच दिवस गावात कुणी उसने पैसे बुडवले, कुणाची मोटर चोरीला गेली, रस्त्याची खडी गायब झाली, की पारावर कुणीतरी हळूच म्हणायचं, मारुती कांबळेचं काय झालं. जोरात नाही, हळूच. आमच्याच नाही, अख्ख्या महाराष्ट्रात हे वाक्य म्हणीसारखं वापरलं गेलं. रामदास फुटाण्यांनी काढलेला सिनेमा, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिलाच चित्रपट, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला, हे सगळं मला फार नंतर वाचून कळलं. मोहन आगाशे त्यात मारुती कांबळे आहेत, हे तर दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं.

सिंहासन मात्र मी मुंबईत बघितला. आमचे काका मंत्रालयात क्लार्क, राहायला वांद्र्याच्या सरकारी वसाहतीत, आणि मी सुट्टीत त्यांच्याकडे. दूरदर्शनवर सिंहासन लागणार म्हटल्यावर काकांच्या दोन खोल्यांत मजल्यावरचे सगळे जमा, आणि ते सगळेच्या सगळे मंत्रालयातले. या सिनेमाचं बरंचसं शूटिंग खऱ्या मंत्रालयात झालंय. त्यामुळं इकडे मुख्यमंत्री जिवाजीराव, म्हणजे अरुण सरनाईक, खुर्ची वाचवायच्या चिंतेत, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉक्टर लागू ती खेचायच्या तयारीत, आणि आमच्या खोलीत "अरे तो आपला कॉरिडॉर बघ", "ही लिफ्ट अजून तशीच आहे", "ते टेबल कुणाचं रे" असली कॉमेंट्री. काकू वैतागून म्हणाल्या, अहो दिवसभर तिथंच असता ना, आता घरी तरी पिक्चर बघा. थोड्या वेळाने मात्र सगळे गप्प झाले. फायली कशा फिरतात, कोण कुणाला फोन करतं, हे त्या लोकांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. संपल्यावर एक शेजारी उठता उठता एवढंच म्हणाले, "एवढं पण वाईट नसतं हो." आणि काका म्हणाले, "नसतं?"

मला त्या दिवशी धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी वाट बघत होतो निळूभाऊ कधी येतात आणि काय बदमाशी करतात याची. ते आले ते पत्रकार दिगू टिपणीस म्हणून. साधा शर्ट, थकलेला चेहरा, सगळीकडे जातो, सगळं बघतो, सगळ्यांना ओळखतो, आणि काही करू शकत नाही. मी शेवटपर्यंत वाट बघत राहिलो की आता हा कुणाला तरी विकला जाणार. नाहीच.

आणि इथंच माझा मुद्दा आहे, ज्यासाठी एवढं लिहिलं. सामना १९७४ चा, सिंहासन १९७९ चा. दिग्दर्शक तोच, पटकथा लिहिणारे तेंडुलकर तेच (सिंहासनची मूळ गोष्ट अरुण साधूंच्या सिंहासन आणि मुंबई दिनांक या दोन कादंबऱ्यांची), आणि समोरासमोर नट पण तेच दोघं. फक्त खुर्च्या बदलल्या. सामनात सत्ता निळूभाऊंकडे आणि प्रश्न डॉक्टरांकडे. सिंहासनात सत्तेच्या शर्यतीत डॉक्टर आणि प्रश्न निळूभाऊंकडे. हे दोन सिनेमे वेगवेगळे बघायचेच नाहीत, जोडून बघायचे, आज एक आणि उद्या दुसरा. सामनातला मास्तर एकटा, भणंग, दारुडा, तरी त्याचा प्रश्न हिंदुरावाला कुरतडत जातो, खिंडार पाडतो. सिंहासनात दिगूला सगळी उत्तरं माहिती आहेत, त्याला विचारायला प्रश्नच उरलेला नाही, खुर्ची थोडी डगमगते आणि परत जागच्या जागी. शेवटी हा माणूस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. मधल्या पाच वर्षांत आणीबाणी येऊन गेली होती, सरकारं पडली होती, नवी आली होती, तीही पडली होती. मला वाटतं १९७४ मध्ये निदान असं वाटू शकत होतं की कुणीतरी चिकाटीने विचारत राहिलं तर पाटलाला घाम फुटेल. १९७९ पर्यंत तेही गेलं. कुणी समीक्षक म्हणेल हे ओढूनताणून आहे. असू दे, दोन्ही सलग बघा आणि मग भांडा.

आणि नट म्हणून विचार करा ना. ज्या चेहऱ्याला बघून माझी आज्जी मुडदा म्हणायची, त्याच चेहऱ्यावर दिगू टिपणीसची ती हतबलता. नजर तीच, आवाज तोच घोगरा, खालच्या पट्टीतला. हिंदुराव त्या आवाजात बोलला की समोरचा घाबरतो आणि दिगू बोलला की आपल्याला त्याची काळजी वाटते. हे करायला मेकअप नाही लागत, पण काय लागतं ते मला सांगता येणार नाही, मी काही जाणकार नाही, बँकेत नोकरी केलेला माणूस आहे.

बाकी माणूस म्हणून ते कसे होते ते तर त्या मीमच्या बरोबर उलटं. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून काम केलेला माणूस. राष्ट्र सेवा दलाचा, कलापथकातून आलेला. कथा अकलेच्या कांद्याची हे वगनाट्य गाजलं, मग १९६८ ला अनंत मान्यांच्या एक गाव बारा भानगडीमध्ये झेलेअण्णा केला आणि तिथून पडद्यावर आले. पुढं हिंदीत सारांशमध्ये तो पुढारी केला, तोही बघा, अनुपम खेरसमोर उभं राहणं सोपं नव्हतं. आणि पडद्यावर गावाला लुटणारा हा माणूस प्रत्यक्षात डॉक्टर लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लग्नाची बेडीचे प्रयोग करत फिरायचा, म्हणजे सामाजिक कामाला पूर्णवेळ वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांना दर महिन्याला थोडे पैसे मिळावेत म्हणून. सामनात एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोघं असे गावोगाव हिंडत होते. २००९ च्या जुलैत निळूभाऊ गेले तेव्हा मी आईला फोन केला, तर ती पहिल्यांदा काय म्हणाली, "अगं बाई, चांगला होता गं तो." मला म्हणतेय का शेजारणीला, कळलंच नाही.

पिंजराबद्दल लिहिल्याशिवाय माझा थोरला भाऊ मला सोडणार नाही. दादाच्या मते मराठीत एकच क्लासिक, १९७२ चा पिंजरा, बाकी सगळं नंतर. दिग्दर्शक शांतारामबापू म्हणजे व्ही. शांताराम, राम कदमांचं संगीत, खेबूडकरांची गाणी, संध्या, आणि डॉक्टर लागूंचा मास्तर. गाण्यांबद्दल आपली काही तक्रार नाही, "दे रे कान्हा" लागलं की मीही रेडिओचा आवाज वाढवतो. जिवंत माणूस समोर उभा असताना गाव त्याच्याच पुतळ्याला हार घालतं आणि त्याच्यावर त्याच्याच खुनाचा आरोप येतो, ही कल्पना जबरदस्तच आहे, तिथं शांतारामबापूंना नमस्कार. पण मला तो सिनेमा आता बघताना खटकतो. एक चांगला मास्तर तमाशातल्या बाईपायी वाया गेला, असं सगळ्या गोष्टीचं ओझं त्या चंद्रकलेवर, म्हणजे संध्यावर टाकलंय, आणि मास्तर स्वतःच्या पायानं चालत गेला हे सोयीस्कर विसरायचं. आमच्या वहिनींनी एकदा जेवताना दादाला विचारलं, तिनं काय चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं का त्याला? (अगदी बरोबर नाही, तिनं डाव टाकला होताच, पण वहिनींसमोर ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.) दादा म्हणाला, तुम्हाला कला कळत नाही. मग आमटी कळते का, विचारून त्यांनी वाढणं थांबवलं.

यात निळूभाऊ पण आहेत, फडातले, आणि छोट्या जागेत काय मजा करून जातात ते बघा. म्हणजे पिंजरा, सामना, सिंहासन, तिन्हीत दोघं आहेत, निळूभाऊ आणि डॉक्टर. पोराटोरांना दाखवायचं तर याच क्रमानं दाखवा असं माझं मत. माझ्या मुलीला मी हे उलटं दाखवलं, आधी सिंहासन, तर ती म्हणाली स्लो आहे, मोबाईल बघत बसली, आणि मध्येच नाना पाटेकर दिसला तेव्हा तेवढी उठून बसली. सामनाला मात्र मोबाईल बाजूला ठेवला तिनं. रात्री झोपताना विचारलं, "बाबा, तुमच्या गावात खरंच असं कुणी गायब झालं होतं का?" मी म्हटलं माणूस नाही, पण जमिनी झाल्या.

प्रिंट खराब आहेत हे आधीच सांगून ठेवतो. आवाज मध्येच बसतो, काळ्यापांढऱ्यातला काळा सगळा करडा झालाय, ऑनलाइन मिळतं ते कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतल्यासारखं. हिंदीतल्या जुन्या सिनेमांच्या झकपक नवीन प्रिंट थिएटरात लागतात, लोक तिकीट काढून जातात. सामना मोठ्या पडद्यावर, नीट आवाजात लागला तर मी सगळ्या खानदानाची तिकिटं काढीन, भाच्याचं पण.

दादा दिवाळीला येतोय. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पिंजरा आणि सामना दोन्ही बघायचं ठरलंय, आणि आधी कुठला लावायचा यावरून आत्ताच फोनवर दोनदा वाजलंय. वहिनी म्हणतायत आधी फराळाला चकलीचं पीठ दळून आणा, मग बघू.