पगडीच्या खालचा रस्ता

मेट्रोच्या खांबांनी पुण्याची रया घालवली, हा वाद आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही केल्या संपत नाही. माझा आतेभाऊ कर्वे रस्त्याचे फोटो टाकतो. नळस्टॉपला खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. खाली त्याचं ठरलेलं वाक्य असतं, ‘परदेशात असले सांगाडे भर शहरात कोणी उभे करत नाही, तिकडे सगळं जमिनीखालून जातं.’ मग काका अंगठा दाखवतात, वहिनी ‘अगदी खरं’ लिहितात आणि मला हातातलं काम सोडून उत्तर लिहावंसं वाटतं.

कारण मी शिकागोत राहते. इथे भर शहरातला सांगाडा 1897 पासून उभा आहे, आणि रोज सकाळी ब्राऊन लाइनची गाडी मला त्याच्यावरूनच ऑफिसला नेते. लेक, वॉबॅश, व्हॅन ब्युरेन आणि वेल्स या चार रस्त्यांवरून जाणारं हे पोलादी रिंगण म्हणजेच ‘लूप’. शहराच्या मध्यभागालाही लोक त्याच नावाने ओळखतात. इथे 1943 मध्ये भुयारी मार्ग झाला, पण म्हणून वरचा गेला नाही.

आतेभावाला खोडून काढायला एवढं पुरेसं आहे. पण त्याच्या बाजूचा मुद्दाही मीच मांडते, कारण त्याला तो ठाऊक नाही. शिकागोच्या लोकांनाही हा सांगाडा नकोच होता. रस्त्यावर उन्नत रेल्वे बांधायची तर त्या रस्त्यालगतच्या निम्म्याहून जास्त दर्शनी जागेच्या मालकांची लेखी संमती हवी, असा इलिनॉयचा कायदा होता. ती मिळवणं इतकं कठीण की साउथ साइडच्या, म्हणजे शहराच्या दक्षिण भागातल्या, पहिल्या कंपनीने रस्त्याचा नाद सोडला, घरांच्या मागच्या बोळालगतची जागा विकत घेतली आणि तिथून रूळ नेले. 6 जून 1892 ला त्यावरून वाफेच्या इंजिनाची पहिली गाडी धावली. काँग्रेस स्ट्रीट ते 39वा रस्ता, साधारण पावणेसहा किलोमीटर. उन्नत (एलिव्हेटेड) रेल्वेला इथे ‘एल’ म्हणतात, म्हणून लोक त्या मार्गाला ‘बोळातली एल’ म्हणत. पुढच्याच वर्षी, कोलंबियन जागतिक प्रदर्शनासाठी, ती जॅक्सन पार्कपर्यंत पोचली.

लूप जमवला चार्ल्स टायसन यर्कीझने. फिलाडेल्फियात अफरातफरीपायी तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेतही उतरला. व्हॅन ब्युरेन रस्त्यावरचे मालक संमती देईनात. तेव्हा त्याच्या कंपनीने पश्चिमेला पार हॉलस्टेड रस्त्यापर्यंतचा लांब मार्ग मागितला, तिकडच्या राजी मालकांच्या सह्या जमवल्या आणि एकूण बहुमत दाखवून मधला तुकडा पदरात पाडून घेतला. हॉलस्टेडपर्यंतचा तो मार्ग कधी झालाच नाही.

हे सगळं सांगायचं कारण पुण्याचा लकडी पूल. 2021 मध्ये तिथल्या मेट्रो पुलाखालून विसर्जनाचे रथ जाणार नाहीत म्हणून गणेश मंडळांनी आवाज उठवला, तेव्हा इथले माझे मराठी मित्र म्हणाले, ‘आपल्याकडे विकासाला असाच विरोध होतो.’ मला ते लागलं. पुलाची उंची विचारणारं मंडळ मागासलेलं, आणि दारासमोर रूळ नको म्हणणारा व्हॅन ब्युरेनचा मालक मात्र जागरूक नागरिक? रस्ता ज्यांच्या पायाखालचा, त्यांनी विचारायलाच हवं. मुठेच्या पात्रालगत मेट्रोचा सुमारे 1.7 किलोमीटरचा मार्ग गेला, त्याविरुद्ध हरित न्यायाधिकरणात गेलेल्या नागरिकांनाही मी हेच म्हणेन. यर्कीझला असे विचारणारे भेटले नसते, तर त्याने दिसेल त्या रस्त्यावर खांब रोवले असते.

माझं भांडण आहे ते निव्वळ ‘रया गेली’ म्हणून थांबणाऱ्यांशी. लूपच्या बाबतीतही लोक कित्येक दशकं तेवढंच म्हणत राहिले. गोंगाट होतो, खाली अंधार असतो, गंज चढतो. 1970 च्या दशकात तर तो पाडून सगळं जमिनीखाली न्यायची योजना तयार होती. 1979 मध्ये ती बारगळली, म्हणून लूप वाचला. आज त्याच्याशिवाय शिकागोचं एक पोस्टकार्ड निघत नाही.

तो नुसता रूळ म्हणून वाचला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. मला त्याची स्थानकं आवडतात. क्विन्सीचं स्थानक 1897 चं, ए. एम. हेडली यांच्या रचनेचं. बाहेरून पत्रा ठोकून काढलेले रोमन थाटाचे अर्धस्तंभ आणि फुलांच्या माळा, आत ओकचं लाकूड आणि तिकीट देणाऱ्याची जुन्या धर्तीची खिडकी. 1980 च्या दशकात ते पुन्हा मूळ रूपात आणलं. शेजारी गगनचुंबी विलिस टॉवर उभा आहे, तरी माझी नजर आधी या पत्र्याच्या माळांवर जाते. दक्षिणेकडे गारफील्डला 1892 ची स्थानकाची इमारत अजून उभी आहे. वॉबॅशवरच्या दोन जुन्या स्थानकांच्या ऐवजी 2017 मध्ये वॉशिंग्टनला पांढऱ्या पोलादी फासळ्यांचं नवं स्थानक झालं, तेव्हा जुनी गेल्याची हळहळ होती. तरी तिथल्या काचेतून प्रकाश येतो, खांब कमी आहेत आणि फलाटावर दोन माणसं एकमेकांना न ढकलता जाऊ शकतात.

म्हणून पुण्यात डेक्कन आणि संभाजी उद्यान या मेट्रो स्थानकांच्या मावळ्याच्या पगडीसारख्या छपरांना कोणी हसलं की मी पगडीची बाजू घेते. क्विन्सीच्या माळा तरी कुठे शिकागोच्या मातीतल्या होत्या? त्याही भूमध्य समुद्राकाठून उसन्या आणलेल्या, वर पत्र्याच्या. सव्वाशे वर्षांनी त्यांचा वारसा झाला. पगडी तर आपल्या घरचीच आहे.

पण पगडी दिसते ती ड्रोनने काढलेल्या फोटोत. खाली चालणाऱ्या माणसाला पगडी दिसत नाही, त्याला काँक्रीटचा तळ दिसतो. क्विन्सीचं सगळं कौतुक पदपथावरून दिसतं. एक मजला चढलं की फलाट. पुण्याच्या स्थानकात आधी तिकिटाचा मजला, मग फलाट, आणि हा सगळा डोलारा रस्त्याच्या डोक्यावर. पुण्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तिथे लिफ्ट आणि सरकते जिने पहिल्या दिवसापासून आहेत, तर क्विन्सीला लिफ्ट मिळाली 2018 मध्ये, आणि ‘एल’ची कित्येक स्थानकं अजून तिच्या प्रतीक्षेत आहेत. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला पुण्याची मेट्रो जास्त मानवेल, हे मी मान्य करते.

सांगाडा पाडला की शहर सुंदर होतं, असं वाटणाऱ्यांना मी शिकागोच्या दक्षिणेला 63व्या रस्त्यावर नेईन. तिथल्या काही रहिवाशांनी आणि चर्चच्या पुढाऱ्यांनी मागणी लावून धरली की या रुळांमुळे वस्तीला अवकळा आली आहे, ते काढा. 1997 मध्ये कॉटेज ग्रोव्ह स्थानकाच्या पूर्वेचे रूळ पाडले गेले. ऊन रस्त्यावर आलं, पण रूळ गेले की दुकानं येतील ही आशा वर्षानुवर्षं रिकाम्या प्लॉटांवर पडून राहिली. गाडी मात्र गेली ती गेलीच, आणि जॅक्सन पार्कला जाणाऱ्यांना आता कॉटेज ग्रोव्हला उतरून बस धरावी लागते.

आता ग्रुपवर कोणी विचारलं नाही, तरी सांगते. हा वाद मला इतका का झोंबतो ते माझ्या लक्षात आलं आहे. शिकागोच्या त्या जुन्या कायद्यात मत होतं ते रस्त्याला तोंड असलेल्या जागेच्या मालकाला. कर्वे रस्त्यावरचं आमचं घर पुनर्विकासात गेलं आणि आमच्या वाट्याचे पैसे भावंडांत वाटले गेले. म्हणजे पुण्यात माझी आता फूटभरही दर्शनी जागा नाही. इथे ग्रीन कार्ड आहे, पण मत नाही. ‘एल’च्या भाडेवाढीच्या जनसुनावणीत मी बोलू शकते आणि बोललेही आहे, पण ‘एल’ चालवणाऱ्या मंडळावर माणसं नेमणाऱ्या महापौराला मी निवडून देऊ शकत नाही. आतेभावाला राग येतो तो त्याच्या खिडकीसमोर खांब आला म्हणून. तो राग त्याचा हक्काचा आहे. मला त्या रागाचा हेवा वाटतो. माझ्या आठवणीतल्या कर्वे रस्त्यावर अजून गुलमोहर आहे आणि दुपारी रिक्षा सहज मिळते. त्या रस्त्यासाठी मी कुठे सही करायची, हे मला कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आतेभावाला, आणि त्याच्यासारख्या तिथे राहणाऱ्या, तिथे मत देणाऱ्या सगळ्यांना मी लिहिते आहे. खांब आता हलणार नाहीत, पण खालचा रस्ता अजून तुमच्या हातात आहे. जिना पदपथावर उतरतो तिथे व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल एवढी जागा राहते का, ते मोजा. पावसात पुलाचं पाणी कोणाच्या डोक्यावर पडतं, ते बघा. स्थानकाच्या तळाला दिवे आणि रंग मागा, दुभाजकाच्या कुंड्यांवर समाधान मानू नका. रस्ता ओलांडायला सिग्नल मागा, आणि स्थानकात शिरायला जिथे रस्ता ओलांडावा लागतो तिथे तो आधी मागा. वॉर्डाच्या सभेत उठून विचारा, नगरसेवकाला दारात गाठा. मला इथून ते करता येत नाही.