चार बाइटचा हापूस

देवगडच्या आमच्या आंबा संस्थेत खर्चाचा विषय निघाला की झोपलेला संचालकही जागा होतो. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या एका पद्धतीत, मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची तीन मापं) खातं आणि इंग्रजीचं एकच, हे कळताच अध्यक्ष नानांनी पान थुंकून हिशेब मांडला.

"कुणकेश्वर लिवूक किती?"

"२७ बाइट, नाना. काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजतात."

"आणि इंग्रजीत?"

"दहा."

"मगे इंग्रजीत लिव."

यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत मराठी चिन्ह दोन बाइटांत बसतं म्हटल्यावर खजिनदारांचा चेहरा उजळला. पण तिथे इंग्रजी आकडासुद्धा दोन बाइट घेतो, म्हणजे दहा आकडी मोबाइल नंबर वीस बाइटांचा, हे ऐकून तो पुन्हा मावळला.

खरं दुखणं वेगळंच होतं. संस्थेची जुनी वही मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, आणि तीही ज्याला मायएसक्यूएल नुसतं 'यूटीएफ८' म्हणतं त्यात. हे प्रकरण तीन बाइटांवर थांबतं. बहुतेक इमोजींना चार लागतात. आंब्याचं इमोजी युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरचिन्हांच्या यादीत, २०१८ला आलं आणि मुंबईकर गिऱ्हाइकांना हर्ष झाला. "पाच डझन", मग आंब्याचं चित्र, मग "अक्षय्य तृतीयेच्या आधी नक्की पाठवा". आमच्या वहीत पोचायचं तेवढं "पाच डझन". कडक तपासणी बंद ठेवलेली, त्यामुळे चित्रापासून पुढचं सगळं बिनबोभाट गळायचं. तृतीया उलटली की फोनवर शिव्या यायच्या, त्या मात्र पूर्ण.

उपाय होता यूटीएफ८एमबी४, म्हणजे चार बाइटांपर्यंत जाणारा खरा यूटीएफ-८. तो मायएसक्यूएलमध्ये २०१०पासून आहे. पण समितीचा हुकूम झाला, "जुन्या वहीक हात लावू नको." म्हणून फक्त ऑर्डरचं टेबल (तक्ता) नव्या एन्कोडिंगचं, म्हणजे नव्या साठवण-पद्धतीचं झालं आणि गिऱ्हाइकांचं टेबल, म्हणजे ती जुनी वही, जुन्यातच राहिलं. ऐन हंगामात ऑर्डरशेजारी गिऱ्हाइकाचं नाव दिसायला इतका वेळ लागू लागला की तेवढ्यात चहा येऊन जायचा.

"बघ," नाना म्हणाले, "चार बाइटांचो भार झेपणा नाय."

भार कसला! एमबी४मध्येही मराठी चिन्ह तीनच बाइटांचं राहतं, चौथा लागतो तो चित्राला. मायएसक्यूएल माहिती कशी शोधतं ते दाखवणारी 'एक्स्प्लेन' आज्ञा चालवली तेव्हा चोर सापडला. दोन टेबलं गिऱ्हाईक-कोडावर जोडताना मायएसक्यूएल जुन्या टेबलातला प्रत्येक कोड नव्या एन्कोडिंगमध्ये बदलून मग ताडत होतं. त्यामुळे त्या कोडावरचा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, निकामी, आणि प्रत्येक ऑर्डरला अख्खी वही पहिल्या पानापासून चाळायची.

मग जुनी वहीही बदलायची ठरली, तर नावाचा इंडेक्स आडवा आला. जुन्या रो-फॉरमॅटमध्ये, म्हणजे ओळी साठवायच्या जुन्या मांडणीत, इंडेक्सला ७६७ बाइटांची मर्यादा. २५५ अक्षरं गुणिले तीन, ७६५, काठोकाठ बसत होतं. गुणिले चार, १०२०. देवगडात एवढं लांब नाव कोणाचं असेल तर त्याला मी स्वतः पेटी पोचवीन, पण मायएसक्यूएल जास्तीत जास्त शक्यता धरून चालतं. रो-फॉरमॅट डायनॅमिक केला, मर्यादा ३०७२वर गेली आणि गाडी सुटली. आता एंटर दाबल्याबरोबर नाव हजर.

पुढच्या सभेत ठराव झाला: प्रति अक्षर चार बाइटांपर्यंतच्या खर्चास मंजुरी. खजिनदारांनी विरोध नोंदवला. दोन डझनांखालच्या गिऱ्हाइकाने चित्र टाकल्यास जादा बाइट त्याच्याकडून वसूल करावा, असं त्यांचं लेखी म्हणणं आहे.