रिचार्जेबल सेल टॉर्चमध्ये घालून रात्रभर जाळू नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो आहे. रिचार्जेबल पेन्सिल सेल म्हणजे पैसे पाण्यात, असं त्याचं म्हणणं. कारणं चार: व्होल्टेज कमी, नुसते ठेवले तरी उतरतात, 'मेमरी' बसते (म्हणजे अर्धवट उतरलेला सेल पुन्हा पुन्हा चार्ज केला, की तो पुढे तेवढाच चार्ज देतो), सहा महिन्यांत निकामी होतात. शेवटी सल्ला असा, की सेल टॉर्चमध्ये घालून पूर्ण विझेपर्यंत जाळा आणि मगच चार्जिंगला लावा. हा सल्ला वाचून मला राहवलं नाही, कारण सेल निकामी होतात ते बऱ्याचदा यानेच.

आधी व्होल्टेज. अल्कलाइन सेलवर, म्हणजे एकदा वापरून टाकायच्या सेलवर, १.५ छापलेलं असतं, पण ते कोऱ्या सेलचं. वापरता वापरता ते घसरत जातं आणि सेल निम्मा संपेपर्यंत १.२ च्या आसपास येतं. निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे आपले नेहमीचे रिचार्जेबल, मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ धरून ठेवतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा मोटर असलेलं खेळणं यांत तो अल्कलाइनलाही मागे टाकतो. काही उपकरणं 'बॅटरी कमी' असं लवकर दाखवतात हे खरं, पण तो अल्कलाइन गृहीत धरलेल्या मोजणीचा दोष आहे.

नुसते ठेवले तरी उतरतात, ही तक्रार जुन्या सेलांच्या बाबतीत रास्त होती. महिन्याभरात पाव-एक चार्ज सहज जायचा. २००५ साली सान्यो या जपानी कंपनीने 'एनेलूप' सेल आणले आणि वर्षभरानंतरही सुमारे ८५ टक्के चार्ज उरतो असं सांगितलं. आता त्या जातीचे सेल इतर कंपन्यांचेही मिळतात. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलंय का, तेवढं बघा. पेन्सिल सेलवर ४००० एमएएच छापलं असेल तर मात्र घेऊच नका. या आकारात खरी क्षमता २५००-२७०० च्या पुढे फारशी जात नाही.

आता 'मेमरी'. ती जुन्या प्रकारच्या निकेल-कॅडमियम सेलांची खोड. मेटल हायड्राइडमध्ये ती नगण्य आहे. अर्धवट उतरलेला सेल खुशाल चार्ज करा. उलट पूर्ण उतरवण्यातच धोका आहे. तीन सेलांच्या टॉर्चमध्ये तिन्ही कधीच अगदी सारखे नसतात. सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलत राहतात. त्या सेलचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा दुखावतो. पुढच्या वेळी तोच आणखी लवकर संपतो. लोक म्हणतात, 'बघा, सहा महिन्यांत गेले.'

दुसरा मारेकरी चार्जर. स्वस्त चार्जर सेल जोडीने चार्ज करतात, आणि पुष्कळांना कट-ऑफच, म्हणजे सेल भरल्यावर आपोआप थांबण्याची सोयच, नसतो. जोडीतला एक भरला तरी दुसऱ्यासाठी त्याच्यात करंट जात राहतो, तो तापतो, सुकत जातो. चांगला चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. सेल भरला की व्होल्टेज किंचित खाली येतं, ते ओळखून तो थांबतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, सेल थोडे कमी घ्या पण चार्जर असा घ्या.

आमच्या बाबांच्या ब्लड प्रेशरच्या मशीनमधले चार सेल असेच 'गेले' म्हणून टाकायला काढले होते. असाच एक जोडीवाला चार्जर आम्ही वर्षभर वापरत होतो. मल्टिमीटर लावला तर तिघांवर १.२ च्या वर, चौथ्यावर ०.४. एकापायी चौघांना शिक्षा होणार होती! आता प्रत्येक संचावर मार्करने खरेदीची तारीख लिहितो, आणि एका संचातला सेल दुसऱ्यात जाऊ देत नाही.

संदेशातली एक गोष्ट मला मान्य आहे: भिंतीवरच्या घड्याळात रिचार्जेबल सेल घालण्यात फायदा नाही. तिथे साधा सेलच वर्षभर जातो. रिमोटचंही बहुतेक तसंच.